ठकीचा चौक

१

सकाळी गोडाऊनचं शटर वर केलं की मी आधी चपला बाहेर काढते. लोक हसतात. हसू देत. हे गोडाऊन जिथे उभं आहे तिथे आमचं भाताचं खाचर होतं, आणि खाचरात चपला घालून जायचं नाही हे सासूनं माझ्या अंगात मुरवलेलं. आता खाली कोबा आहे, वर पत्रा आहे, पण पाय ऐकत नाहीत.

माझा नवरा अनंता गेल्यावर दीर हरेशभावजींनी ही जागा मुंबईच्या एका कंपनीला भाड्यानं दिली. भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात सगळ्यांनीच दिल्यात. शेजारच्या गोडाऊनांत टीव्ही, साबण, लहान पोरांचे लंगोट, आमच्यात चित्रं. मोठमोठ्या लोकांनी विकत घेतलेली आणि घरात मावत नाहीत म्हणून पेट्यांत घालून ठेवलेली. मी त्यांची राखण करते म्हणा ना. शटर उघडायचं, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र बघायचं, झाडू मारायचा, पेट्यांवरची धूळ पुसायची, चहा मागवायचा. चित्रांतलं मला डोंबल कळत नाही आणि कळवून घ्यायची हौसही नाही.

हे चित्र आलं ते पेटीत नव्हतं. गुंडाळलं तर रंग झडेल म्हणून लाकडी चौकटीवर ताणून, दोघांनी उभं धरून आणलं. आमच्या भिवंडीच्याच मागावरचं जाडंभरडं कोरं कापड, त्यावर शेणाचा आणि गेरूचा हात फिरवलेला, आणि त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेला एक मोठा चौकोन. चौकोनाच्या काठाला नक्षी, तिच्या आत आणखी नक्षी, इतकी बारीक की बघून डोळे दुखावेत. आणि मधोमध काहीच नाही. नुसती गेरूची जागा.

कंपनीच्या रीमा मॅडम मुद्दाम बरोबर आल्या होत्या. म्हणाल्या, "तुळजाताई, हे जपून हं. वज्रेश्वरीच्या पुढच्या एका पाड्यावर ठकीबाई म्हणून होत्या, त्यांचं हे. त्या वेळी बाकीचे सगळे जण माणसं, झाडं, नाच असलं काढत होते. यांनी मधलं सगळंच काढून टाकलं. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या ॲबस्ट्रॅक्ट कामांपैकी एक आहे."

"ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे हो?"

"म्हणजे..." त्या थांबल्या. "म्हणजे ज्यात कोण आहे ते दाखवलेलं नाही, असं."

बोलता बोलता त्या मागे मागे सरकत होत्या. टाच शटरच्या लोखंडी पट्टीला लागली तेव्हा दचकल्या, ओढणी सारखी केली आणि "सॉरी" म्हणाल्या. कुणाला ते मला कळलं नाही. मी तर बाजूला उभी होते.

चित्र भिंतीवर चढवलं लडकूनं. लडकू आमच्या लोडरांचा मुकादम. तोंडाचा फाटका, पन्नाशीला आला तरी गावातल्या एकूण एक हळदीत जमिनीवर लोळून नागीण डान्स करणारा. लाज म्हणजे काय ते त्याच्या खिजगणतीत नाही. तो शिडीवरून उतरला, चित्राकडे एकदा बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं."

"काय चुकलं रे? वाकडं लागलं का?"

"कुठं काय? मी काय बोललोच न्हाय, वैनी."

आणि चहा न घेता गेला. लडकू चहा सोडून गेला हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

२

दुसऱ्या दिवशी झाडू मारता मारता मी त्या चित्रासमोर आले आणि मला लाज वाटली.

कशाची? तेच तर. तुम्ही कधी भरल्या घरात नको त्या वेळी गेला आहात का? आतले सगळे एकदम गप्प होतात, कुणी "या" म्हणत नाही, आणि आपल्याला कळतं की आपल्याला बोलावलेलंच नव्हतं. अगदी तसं झालं. कानशिलं तापली. मी डोक्यावर पदर घेतला. बाहेर एक कंटेनर मागे येत होता, त्याची पिपाणी केव्हापासून वाजत होती. ती वाजतच असणार, पण मला ऐकू येईना. मग टाचेला काहीतरी गार लागलं. शटरची पट्टी होती ती. मी सगळं गोडाऊन उलट्या पावली चालून आले होते आणि मला पत्ता नव्हता. झाडू तिकडे चित्रासमोर पडलेला.

मी काही घाबरट बाई नाही. आधी वाटलं बीपी वाढलं. दवाखान्यात जाऊन मोजून आले, ठणठणीत निघालं. मग वाटलं, शेणाचा वास कोंडतो म्हणून. मग वाटलं, त्या गार हवेच्या मशीननं कान बसले असतील. रोज एक नवं कारण काढायचं आणि रोज त्याच ठिकाणी मान खाली जायची.

स्वतःलाच विचारलं, तुळजे, तू केलंस तरी काय? कुणाचं लुबाडलं नाहीस, कुणाच्या संसारात काडी घातली नाहीस. अनंता गेला तेव्हा बायका बांगड्या फोडायला आल्या, त्यांना दारातून परत पाठवलं मी. टिकली लावते, रंगीत साड्या नेसते, ज्याला बघवत नाही त्यानं डोळे मिटावेत. मी का लाजू?

पण ती लाज माझं काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. ती माझ्यात शिरून कारण हुडकत होती, उशीखाली किल्ली हुडकावी तशी. आणि बाई गं, तिला ते सापडलं.

३

माझी मेघाली ठाण्याला लॅबमध्ये कामाला आहे. तिचं लग्न ठरलं होतं. आमच्यात हळदीचा थाट लग्नापेक्षा मोठा. पहिली हळद सवाशिणीनं लावायची, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे तिनं. मेघालीनं भर बैठकीत सांगून टाकलं, "पहिली हळद माझी आई लावणार. नाहीतर मी पाटावर बसणारच नाही, मग घाला कुणाला घालायची ती हळद."

मी पदर खोचून तयारच होते. कोण काय बोलतो बघू, एकेकाची अशी खरडपट्टी काढीन की बस. पण हरेशभावजी म्हणाले, "वहिनी, आता कोण मानतं ते? लावा खुशाल." जाऊ म्हणाली, "तुमचीच पोर हाय ती." धवलारीण, जी आमच्या लग्नांत गाणी म्हणून विधी लावते, ती म्हातारीसुद्धा हसून पान चघळत राहिली. भांडणाची सगळी तयारी वाया गेली.

कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं. कारण मला अडवणारं घरात कुणी नव्हतं आणि तरी माझा हात मागे येत होता. मेघाली केस विंचरायला पुढ्यात बसली की तिच्या गालाकडे बघायची मला चोरी. वाटायचं, आपण हिला हात लावला तर कुणीतरी मागून म्हणेल, तू इथे कशी? गोडाऊनमध्ये एकदा मी मुद्दाम त्या चित्रासमोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि मोठ्यानं म्हणायला गेले, "पहिली हळद मीच लावणार." तोंडातून शब्द फुटला नाही. पुन्हा टाचेला पट्टी लागली.

त्या दिवशी निजामपुऱ्यातल्या लाँड्रीतून माझा लग्नातला जांभळा शालू आणला होता. तो नेसूनच हळदीला उभं राहायचं असं मनात होतं. पिशवी खांद्यालाच. मला इतका संताप आला, चित्राचा आणि माझाही, की शिडी लावली, शालू उलगडला आणि टाकला त्या चौकटीवर, वरच्या टोकांना गाठी मारून. वरपासून खालपर्यंत झाकलं मेल्याला.

आणि काय सांगू, एकदम हायसं वाटलं. कंटेनरची पिपाणी कानात घुसली. कानशिलं निवली. मी तिथेच उभी राहून, मान वर करून, म्हणून बघितलं, "पहिली हळद मी लावणार." आलं म्हणता. शालू तिथेच राहू दे म्हटलं. हळदीला दुसरी नेसू, साड्यांचा काय तोटा आहे?

४

आमचा वॉचमन जान्या, साठीचा माणूस, ठकीबाईंच्याच पाड्याकडचा. चहा घेऊन आत आला आणि तिथेच थबकला.

"बाय, ह्यो कुनी झाकला?"

"मी झाकला. का रे?"

त्यानं चहा खाली ठेवला. "त्यो चौक हाय, बाय. लगनाचा. आमच्याकडं सवाशिनी काढतात भितीवर, मदी देवी बसवतात. मंग त्यावर कापड टाकतात. कापड टाकला म्हंजे लगीन मांडलं."

"अरे, हे कापडावरचं चित्र आहे. कसलं लगीन?"

"ठकी माजी मावशी," तो म्हणाला. "चौक काढाया तिच्यावानी कुनी न्हाय. पन दादला मेला तिचा, मंग कोन बोलावल? तिच्या लेकीचं लगीन झालं तवा चौक दुसऱ्या बायांनी काढला. ही भाईर, वळचणीखाली हुभी. मी ल्हान व्हतो, पन बगितली मी. पीठ कालवून बसलेली सकाळपासून. मनगटापर्यंत पांढरं हात, तसंच सुकलं. कुनी आत ये म्हनलं न्हाय, आन ती बी काय बोलली न्हाय. मान खाली."

मी खालचा चहा उचलून हातात धरला.

"ह्यो मागाहून काढला. मदी देवी न्हाय, कोन न्हाय. भाईरचा मानूस घेऊन गेला. पन त्याला झाकू देत नवती ती कुनाला. लय वरडायची."

"का?"

"तिलाच ठावं." त्यानं शालूकडे बघितलं. "तुज्याकडं लगीन हाय ना, बाय?"

"तुला काय करायचंय? चल, जा गेटवर," मी खेकसले. मग मागून म्हटलं, "काढून टाकू का रे शालू?"

"आता कसा काढशील? मांडलेलं लगीन मोडतं का कोन?" असं म्हणून तो गेला.

काढायला दोन मिनिटं लागली नसती. मला भीती वाटली म्हणून ठेवला असं नाही. तो काढला की ती लाज परत येणार होती, आणि पोरीची हळद तोंडावर आलेली. म्हणून ठेवला.

५

हळदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव, डीजे, सगळं गाव लोटलेलं. दिवे लागले होते पण उजेड अजून होता. लडकू जमिनीवर लोळायला लागला होता. मेघाली पाटावर बसली होती, डोळे घट्ट मिटून. लहानपणापासून तिच्या डोळ्यांना हळद झोंबते. धवलारणीनं सूर लावला. हरेशभावजी ओरडले, "अरे, पोरीची आई कुठाय? वहिनी, या पुढे!"

मी पिवळी साडी नेसले होते. हातात हळदीची पितळी वाटी. निघाले. बायकांनी वाट केली, कुणीतरी पाठीवर थोपटलंसुद्धा. मेघालीचा चेहरा अगदी समोर होता. गालावरचा तीळ दिसत होता.

आणि डीजे लांब गेला. कुणी बंद केला नाही. स्पीकरसमोर पोरं नाचत होतीच. पण आवाज गेला. कानशिलं तापली. माझा हात वर गेला आणि त्यानं पदर डोक्यावर ओढला. मी स्वतःला शिव्या घातल्या, तुळजे, चार पावलं आहेत, उचल पाय, तुझी लेक आहे ती. मी पाय उचलला. खरंच उचलला.

टाचेखाली काहीतरी वाकडंतिकडं आलं. चप्पल होती. मग आणखी एक. मी मांडवाच्या बाहेर, पाहुण्यांनी काढलेल्या चपलांच्या ढिगात उभी होते. हातात वाटी.

आत, मेघालीच्या पुढ्यात, एक बाई वाकलेली होती. पाठ माझ्याकडे. डोक्यावरून पदर. अंगावर माझा जांभळा शालू, काठाला एक ठिगळ आहे, तेसुद्धा मला तिथून दिसलं. तिचा हात पुढे आला. काळा, किडकिडीत, आणि मनगटापर्यंत पांढरा, बोटांच्या पेरांवर तडे गेलेला. त्या हातानं माझ्या पोरीच्या गालाला हळद लावली. घाई नाही. एक गाल, मग दुसरा, मग कपाळ, बोटाच्या टोकानं, नक्षी भरावी तसं. मेघाली डोळे मिटून हसत होती.

मी ओरडायला हवं होतं. पोरीचं नाव ओठांपर्यंत आलं. पण ओरडले असते तर सगळं गाव वळून बघणार होतं, आणि त्यांना मी दिसणार होते, चपलांत उभी. पोरीची आई अन् इथे काय करते, असं कुणीतरी म्हणणार होतं. त्या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी पोर तिथे त्या हाताखाली बसली होती, आणि मी लाजेपोटी मान खाली घातली. घातली मी, दुसऱ्या कुणी नाही.

वर बघितलं तेव्हा जाऊ हळद लावत होती आणि डीजे वाजत होता.

६

"वैनी, रडवलंत हो सगळ्यांना," लडकू धापा टाकत आला. "आन शालू काय खुलला तुम्हांला!" त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जांभळी पाठ, वाकलेली. "तोंड मात्र वळवलं न्हाय एकदा पन. मी किती हाका मारल्या."

मी पिवळ्या साडीत त्याच्यासमोर उभी होते. त्याला ते दिसत नव्हतं का, की त्याला वाटलं साडी बदलली असेल? मीही तसं मानून बघितलं. पोरीच्या हळदीत आईचं भान सुटतं, नेसले असेन, लावली असेन, विसरले असेन. पण वाटी माझ्या हातात होती, काठोकाठ, वर साय धरलेली. तिच्यात एक बोट बुडालेलं नव्हतं.

सकाळी नवरदेवाची वरात यायच्या आधी मी गोडाऊनवर गेले. शटर वर केलं, चपला काढल्या. शालू मी टाकला होता तसाच लटकत होता, वरच्या दोन्ही टोकांना माझ्याच गाठी. फक्त पदराला हळद लागली होती. हात लावून बघितलं तर ओली.

गार हवेचं मशीन बंद होतं. तरी शालूचा मधला भाग हळूहळू पुढे येत होता आणि मागे जात होता, झोपलेल्या माणसाचं पांघरूण जातं तसा.

मी खालचं डावं टोक तेवढं उचललं. चौकोनाच्या बाहेर, जिथे मी रोज झाडू मारताना कोरा गेरू बघितला होता, तिथे पिठानं काढलेली एक बाई उभी होती. बोटाएवढी. दोन त्रिकोण आणि हातपाय, पाड्यावरचे लोक काढतात तशी. मान खाली. हातात वाटी. आणि तिच्या पायांभोवती बारक्या बारक्या रेघा, जोडीजोडीनं, कितीतरी. चपला होत्या त्या.

मध्ये कोण बसलं आहे ते मी बघितलं नाही. टोक सोडून दिलं. टाचेला पट्टी लागेपर्यंत उलट्या पावली आले, आणि या वेळी मला सगळं कळत होतं.

७

लग्न दुपारी लागलं, पार पडलं. निरोपाच्या वेळी मेघाली गळ्यात पडली ती सोडेचना.

"आई, एक विचारू? पहिली हळद तूच लावलीस ना?"

"का गं?"

"हात फार गार होते तुझे. आणि तू गालावर काहीतरी काढत होतीस, बारीक बारीक. मला गुदगुल्या होत होत्या." ती डोळे पुसत हसली. "सगळे म्हणतात तूच. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

पावडर घामानं उतरली होती. तिच्या कानाजवळ, गालाच्या कडेला, पांढऱ्या रेघेची बारीक नक्षी होती. मी अंगठ्यानं पुसून बघितली. पुसली गेली नाही.

नाही म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. मग तू कुठे होतीस, आई? चपलांत. मग हाक का नाही मारलीस? एवढंच सांगायचं होतं, आणि तेवढं माझ्या जिभेवर येईना.

"हो गं बाळा," मी म्हटलं. "मीच लावली. गजरे बर्फात ठेवले होते ना, म्हणून हात गार."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

गाडी निघाली. तिनं काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. मी पण हात वर केला. मग लक्षात आलं, ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, आमच्या घराच्या दाराकडे बघत होती.

"आई, येते गं!" ती ओरडली. "जा आता आत, उन्हात नको उभी राहूस!"

मागे दाराची कडी वाजली. कुणीतरी आत गेलं. मी मांडवाच्या बाहेर उभी होते, मान खाली घालून, आणि त्या ढिगात माझ्या चपला कुठल्या ते शोधत होते.